रेडिओने पेटीला बाहेर का ठेवलं होतं?

डिसेंबर लागला की पुण्यात प्रबंध लिहिणं अवघड होतं. सकाळी पांघरुणातून निघवत नाही, दुपारी गच्चीतलं ऊन सोडवत नाही आणि संध्याकाळी कुठे ना कुठे गाणं असतंच. मागच्या डिसेंबरात मी जे काही केलं त्याला मी ‘वाचन’ म्हणत होते. माझ्या मार्गदर्शक बाईंनी त्याला वेगळं नाव दिलं असतं.

तर झालं असं. सवाई गंधर्व महोत्सवातून रात्री घरी आले, झोप येईना, म्हणून इंटरनेटवर जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्या ऐकत बसले. हौशी संग्राहकांनी खरखरीसकट चढवलेल्या. तीन-साडेतीन मिनिटांत अख्खा राग आटपायचा, त्यामुळे गायक घाईत असतात आणि ती घाईसुद्धा गोड लागते. अशा कितीतरी तबकड्यांत गाण्यामागे पेटी स्वच्छ ऐकू येते. मग तिथूनच एकातून दुसरं उघडत मी आकाशवाणीच्या जुन्या ध्वनिमुद्रणांवर पोहोचले. तिथे सारंगी आहे, व्हायोलिन आहे, तानपुरे आहेत. पेटी नाही. आदल्याच रात्री स्वरमंचावर गायकाच्या शेजारी मानाने बसलेलं वाद्य इथून गेलं कुठे?

सकाळी बाबांना विचारलं. ते पेपरातून मान वर न करता म्हणाले, “अगं, पेटीला रेडिओवर बंदी होती ना. आमचे अण्णा फार चिडायचे त्यावर.”

अण्णा म्हणजे माझे आजोबा. गावच्या भजनी मंडळात चाळीस वर्षं पेटी वाजवली. ती पेटी अजून आमच्या माळ्यावर होती आणि घर बदलायचं असल्यामुळे ‘तिचं काय करायचं’ हा प्रश्न त्याच महिन्यात घरात चालू होता. म्हणून मी जरा खोलात शिरले.

१ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमला आपल्या केंद्रांवरून बाद केलं. ही बंदी सैल व्हायला १९७१ उजाडावं लागलं, तेही काही ठरावीक कलाकारांपुरतं. म्हणजे जवळजवळ ३१ वर्षं. ब्रिटिश गेले, राज्यघटना आली, तीन पंतप्रधान झाले, तरी पेटी बाहेरच.

बंदीमागचं कारण शास्त्रीय होतं, असं आपल्याला सांगतात. मी विज्ञानाची विद्यार्थिनी, कंपनांचे आलेख बघणं हे माझं रोजचं काम. तेव्हा आधी तेच तपासू.

समजा ‘सा’ २४० हर्ट्झचा आहे. तानपुऱ्याबरोबर गाणारा गायक शुद्ध गंधार लावतो तेव्हा तो साधारण ५:४ ह्या गुणोत्तराकडे ओढला जातो, म्हणजे ३०० हर्ट्झ. पाश्चात्त्य पियानोच्या पद्धतीने लावलेल्या पेटीत सप्तकाचे बारा अगदी सारखे भाग केलेले असतात. त्यात गंधार येतो ३०२.४ हर्ट्झवर. फरक २.४ हर्ट्झचा. वाटतो किरकोळ, पण प्रत्येक सुराच्या पोटात त्याचे वरचे उपस्वर असतात. ‘सा’चा पाचवा उपस्वर १२०० वर आणि ह्या गंधाराचा चौथा १२०९.५ वर. हे दोन एकमेकांवर आपटतात आणि सेकंदाला साडेनऊ ठोके पडतात. ती जी बारीक थरथर कानाला बोचते, ती हीच. पंचमाला हा त्रास जवळपास नाही, तिथे सेकंदाला एकही ठोका पूर्ण पडत नाही. म्हणजे तक्रार खोटी नव्हती. दुसरी तक्रार तर त्याहून पक्की: पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधे काहीच नसतं. मींड नाही, दरबारीच्या कोमल गंधाराचं आंदोलन नाही. गळा जिथून घसरत जातो तिथे पेटी पायऱ्या उतरते.

पण ह्या तक्रारीवर उपाय शोधणारे लोक बंदीच्या तीस वर्षं आधीच होते, आणि तेही आपल्याच सांगलीकडे. कृष्णाजी बल्लाळ देवल ह्यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. श्रुती मोजण्याच्या कामात अब्दुल करीम खाँसाहेबांचा गळा त्यांच्या मदतीला होता. अर्नेस्ट क्लेमंट्स हा आयसीएस अधिकारी त्यांना येऊन मिळाला आणि त्यातून श्रुतींची हार्मोनियम तयार झाली. १९१६ साली बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तिथे ह्या श्रुतींवर मोठा वाद झाला. भातखंड्यांना हे गणित मान्य नव्हतं. पुढे १९६३ मध्ये नझीर जयराजभॉय आणि स्टोन ह्यांनी वादक-गायकांचे सूर यंत्रावर मोजले तेव्हा दिसलं की मोठे कलाकारसुद्धा एकच सूर दर वेळी एकाच जागी लावत नाहीत. गळ्याचा गंधार म्हणजे एक ठिपका नाही, एक छोटा इलाखा आहे.

थोडक्यात काय, १९४० मध्ये ‘पेटीचे सूर शास्त्राला धरून नाहीत’ असं म्हणणाऱ्यांकडे मोजमाप होतं थोडं, पण खात्री मात्र भरपूर होती. ती कुठून आली?

ह्यावर एथ्नोम्युझिकॉलॉजिस्ट मॅट राहाइम ह्यांनी चांगलं काम केलं आहे. त्यांच्यामुळे मी विरोधकांची नावं एका कागदावर लिहून काढली आणि चमकले. आनंद कुमारस्वामी: स्वदेशीच्या काळातच पेटीवर आणि ग्रामोफोनवर टीका. फॉक्स स्ट्रँगवेज: हिंदुस्थानी संगीतावर १९१४ मध्ये ग्रंथ लिहिणारा इंग्रज, त्यालाही पेटी नको. जॉन फोल्ड्स: दिल्ली रेडिओवर पाश्चात्त्य संगीत सांभाळणारा ब्रिटिश संगीतकार, त्याने १९३८ मध्ये रेडिओच्या स्वतःच्या नियतकालिकात पेटीविरुद्ध लेख लिहिला. रवींद्रनाथ ठाकूर: जानेवारी १९४० मध्ये कोलकाता केंद्राला पत्र लिहून पेटी काढा म्हणाले. आणि निर्णय झाला तो बीबीसीहून आलेल्या लायनेल फील्डनच्या कारकिर्दीत.

राज्यकर्ते इंग्रज आणि त्यांना विरोध करणारे राष्ट्रवादी फारच कमी गोष्टींवर एकमताने बोलले असतील. पेटीवर बोलले! इंग्रज रसिकाला भारतीय संगीत प्राचीन आणि यंत्राच्या स्पर्शाविना हवं होतं. स्वदेशीवाल्यांना ते परक्याच्या स्पर्शाविना हवं होतं. कारणं वेगळी, पण दोघांच्या मनातल्या ‘अस्सल’ चित्रात पेटी बसत नव्हती.

आता ‘परकी’ ह्या शब्दाकडे जरा नीट बघा. व्हायोलिनही युरोपातून आलं, पण त्यावर मींड येते म्हणून दक्षिणेने ते एकोणिसाव्या शतकातच आपलंसं केलं होतं. म्हणजे परकेपणा चालत होता. मायक्रोफोन परका, रेडिओ तर नखशिखांत परका. उलट पेटी एव्हाना बरीच इथली झाली होती. पॅरिसमध्ये १८४० च्या दशकात जन्मलेली हार्मोनियम खुर्चीवर बसून, पायाने भाता मारून वाजवायची. कोलकात्यात द्वारकानाथ घोष आणि त्यांच्यासारख्या कारागिरांनी तिचे पाय काढले, भाता हाताशी आणला आणि तिला मांडी घालून बसणाऱ्यांच्या बैठकीत आणलं. आपल्याकडे संगीत नाटकाने तिला घराघरात पोहोचवलं. गोविंदराव टेंबे पेटीवादक म्हणून नावाजले गेले आणि १९११ च्या ‘संगीत मानापमान’ला चाली लावल्या त्या त्यांनीच. कीर्तन, भजन, लावणी, शाळेची प्रार्थना, सगळीकडे पेटी. स्वस्त, टिकाऊ, दर वेळी जुळवायची कटकट नाही. ज्याला शेतातून येऊन तासभर भजनाला बसायचंय त्याला आणखी काय हवं?

म्हणजे बंदीच्या पत्रावर नाव एका वाद्याचं होतं, पण बाहेर राहिली एका प्रकारची माणसं.

स्वातंत्र्यानंतर हे बदलेल असं वाटतं ना? १९५२ ते १९६२ माहिती व नभोवाणी खातं बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांकडे होतं. आपलेच, मराठी, शास्त्रीय संगीताचे खरे जाणकार. त्यांनी रेडिओवर शास्त्रीय संगीताला जेवढी जागा दिली तेवढी क्वचितच कुणी दिली असेल. त्याच उत्साहात त्यांनी चित्रपटगीतांना कात्री लावली. लोकांनी काय केलं? काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावलं. १९५२ मध्येच तिथे अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. शेवटी १९५७ मध्ये आकाशवाणीला विविध भारती काढावी लागली.

मला इथे खरी गोम दिसते. सिनेमाच्या गाण्याला सिलोन मिळालं. श्रोत्यांची संख्याच एवढी होती की सरकारला पाच वर्षांत नमतं घ्यावं लागलं. पेटीवाल्याला कुठलं सिलोन? त्याच्यासाठी काटा फिरवणारं कुणी नव्हतं. पेटी हे साथीचं वाद्य. साथीदार गेला म्हणून कार्यक्रम थांबत नाही, दुसरा साथीदार येतो. रेडिओचा कलाकार म्हणजे तेव्हा बिदागी, श्रेणी आणि पाच माणसांत पत, आणि ह्यातलं काहीच त्याच्या वाट्याला येत नव्हतं.

अर्थात ह्या गोष्टीला दुसरी बाजू आहे, ती लपवली तर मी फक्त अण्णांची नात ठरेन. पेटी नसल्यामुळे रेडिओला सारंगीवाले लागले. मैफलींतून पेटीने ज्यांना मागे सारलं होतं त्या सारंगियांना केंद्रांवर पगारी नोकऱ्या मिळाल्या. ते वाद्य तगलं ह्यात आकाशवाणीचा मोठा वाटा आहे. पण त्याच रेडिओने १९४६ च्या सुमारास, सरदार पटेलांकडे हे खातं असताना, ज्यांचं खासगी आयुष्य ‘वादग्रस्त’ त्या गायिकांना दारं बंद केली. म्हणजे तवायफ घराण्यांतल्या बायका, ज्यांच्या मागे सारंगी पिढ्यान्‌पिढ्या वाजत आली होती. सारंगी आत, तिच्या शेजारची बाई बाहेर. कुठलं संगीत शुद्ध हे ठरवता ठरवता कोण शुद्ध हेही ठरत गेलं.

हे सगळं जुनं झालं असं वाटत असेल तर एक ताजी गोष्ट. २०२२ मध्ये अकाल तख्ताने सुवर्णमंदिरातल्या कीर्तनातून हार्मोनियम तीन वर्षांत काढून तंतुवाद्यं आणावीत असं सांगितलं. कारण? हार्मोनियम इंग्रजांनी आणली. रबाब, ताऊस ही जुनी वाद्यं परत ऐकायला मिळणार असतील तर आनंदच आहे, मी स्वतः तासभर ती इंटरनेटवर ऐकत बसले होते. पण वाद पुन्हा तिथूनच सुरू झालेला पाहून गंमत वाटली.

असो. आता माळ्यावरच्या पेटीकडे.

एका रविवारी ती खाली काढली. भात्याला एक भोक, मंद्राचे दोन सूर मुके. बाकी ठीक. प्रयोगशाळेत मी जो प्रोग्रॅम वापरते तोच लॅपटॉपवर लावला, पेटीसमोर मोबाइल ठेवला आणि एकेक पट्टी दाबत गेले. अण्णा पांढरी एकमध्ये वाजवायचे, म्हणून तो ‘सा’ धरला. मला अपेक्षा होती ती बारा सारख्या भागांची आणि वर थोड्या गंजाची. आकडे आले भलतेच. गंधार सप्तकाच्या हिशेबात चारशे सेंटवर असायला हवा होता, तो ३८८ च्या आसपास. स्वयंभू गंधार ३८६. तीनदा मोजलं. धैवतही तसाच, खाली आणलेला.

बाबांना दाखवलं तर ते म्हणाले, “त्यात काय, अण्णा दर दोन वर्षांनी पेटी कारागिराकडे न्यायचे. तो तानपुरा लावून बसायचा आणि कानशीने सूर घासायचा.”

त्यात काय! पितळी पट्टीचं टोक घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. तालुक्याच्या गावातला एक कारागीर समोर तानपुरा ठेवून, ठोके थांबेपर्यंत घासत होता. पेटीवाल्यांत ह्याला गांधार ट्यूनिंग म्हणतात, हे मला नंतर कळलं. म्हणजे साडेनऊ ठोक्यांची जी तक्रार परिषदांत, लेखांत आणि दिल्लीच्या कचेरीत गाजली, तिच्यावरचा इलाज एका कानशीत होता. एकाच पट्टीपुरता, हे खरं. मींड त्यातही येत नाही, हेही खरं. पण तेवढं ऐकून घ्यायला कुणी त्याच्या दुकानात गेलं नव्हतं.

मोजमाप हा माझा धंदा आहे, म्हणून मला ह्या गोष्टीने जरा अस्वस्थ केलं. आकडा बरोबर असतो आणि तरी तो भलत्या निर्णयाच्या सेवेला जुंपला जाऊ शकतो. आता कुणी ‘शास्त्राने सिद्ध झालंय’ म्हणालं की मी आधी विचारते, मोजलं कुणी, आणि कुणाच्या पेटीवर?

पेटी नव्या घरात आली आहे. भात्याचं भोक बुजवलं, मुके सूर अजून तसेच आहेत. संध्याकाळी थंडी पडली की बाबा ती काढून बसतात. मी प्रबंधाचं चौथं प्रकरण उघडते आणि बंद करते.