गंगाखेड तालुक्यातल्या शेतीसाठी सरकारी योजना मोबाईलवर कशा शोधायच्या?

सातबारा बाबांच्या नावावर आणि स्मार्टफोन तुमच्या हातात, असं बऱ्याच घरांत असतं. म्हणून "बघ रे, ठिबकची काही योजना निघाली का?" हा प्रश्न तुमच्याकडेच येतो. गंगाखेड तालुक्यासाठी कोणती योजना कुठे सापडते आणि अर्ज कोणत्या क्रमाने करायचा, ते पाहू. क्रम नीट लक्षात ठेवा. तो चुकला की अनुदान हातचं जातं.

आधी ही तयारी करा

१. फार्मर आयडी: १५ एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी योजनांसाठी हा सक्तीचा आहे. काढलेला नसेल तर आधार आणि सातबारा घेऊन सीएससी केंद्रात जा.
२. आधारला चालू नंबर: ओटीपी त्याच नंबरवर येतो. बाबांचं जुनं सिम बंद असेल तर आधार केंद्रात नवा नंबर जोडून घ्या.
३. आधारशी जोडलेलं बँक खातं: अनुदान थेट खात्यात येतं. खातं जोडलेलं नसेल तर मंजूर झालेले पैसेही अडकतात.
४. ई-पीक पाहणी: हंगामाच्या मुदतीत ॲपवरून शेतात उभं राहून पिकाची नोंद करा. कापूस, सोयाबीन, तूर, जे असेल ते.

कोणती योजना कुठे मिळेल?

महाडीबीटी पोर्टल: ट्रॅक्टर, अवजारं, ठिबक, तुषार, फळबाग, शेततळं यांसाठी सगळ्यात आधी इथे बघा. ठिबक-तुषारला केंद्राचं आणि राज्याचं मिळून अल्प व अत्यल्प भूधारकांना ८० टक्के, इतरांना ७५ टक्के अनुदान आहे. ही टक्केवारी शासनाने ठरवलेल्या खर्चावर मोजतात, दुकानदाराच्या बिलावर नाही. वैयक्तिक शेततळ्याला आकारमानानुसार कमाल ७५ हजार रुपये मिळतात.

पोकरा: म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प. परभणी जिल्हा यात आहे, पण सगळी गावं नाहीत. तुमचं गाव यादीत आहे का, ते आधी तपासा. याचं पोर्टल वेगळं आहे.

पीएम किसान: वर्षाला ६ हजार रुपये, तीन हप्त्यांत. हप्ता थांबला असेल तर ई-केवायसी, जमिनीची नोंद आणि आधार-बँक जोडणी या तीन गोष्टी 'स्टेटस'मध्ये बघा. राज्याच्या 'नमो शेतकरी' योजनेचे ६ हजारही याच यादीवर अवलंबून असतात.

जलसंधारण: जलयुक्त शिवार किंवा 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' यांची कामं गावपातळीवर ठरतात. त्यासाठी ग्रामसभेत मागणी मांडा.

महाडीबीटीवर अर्ज कसा करायचा?

- फार्मर आयडी टाकून ओटीपीने लॉगिन करा.
- 'अर्ज करा'वर जाऊन विभाग आणि घटक निवडा.
- २३ रुपये ६० पैसे शुल्क भरा आणि पावतीचा स्क्रीनशॉट ठेवा.
- मग अर्जाची स्थिती अधूनमधून बघत राहा. पूर्वी लॉटरी निघायची. आता 'प्रथम अर्ज, प्रथम प्राधान्य' आहे, म्हणून उशीर करू नका.
- निवड झाली की कोटेशन आणि बाकीची कागदपत्रं मुदतीत अपलोड करा.
- पूर्वसंमती पत्र आल्यावरच खरेदी करा.

या शेवटच्या पायरीवरच जास्त जण फसतात. "पेरणी तोंडावर आली, आधी घेऊन टाकू" म्हणून यंत्र आणलं, तर त्या बिलावर अनुदान मिळत नाही.

फसवणुकीपासून सावध

व्हॉट्सॲपवर 'पीएम किसान' नावाची एपीके फाईल आली तर उघडू नका. सरकारी योजना एपीके पाठवत नाही. ॲप प्ले स्टोअरवरूनच घ्या, वेबसाइटच्या पत्त्यात शेवटी 'गव्ह डॉट इन' आहे का ते बघा आणि ओटीपी कुणालाही सांगू नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा.

अडलं तर कुणाला विचारायचं?

गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्यांना भेटा. आपण अजून त्यांना कृषी सहाय्यकच म्हणतो. तिथे काम झालं नाही तर गंगाखेडचं तालुका कृषी अधिकारी कार्यालय आहे. विहिरीच्या योजनांसाठी पंचायत समितीचा कृषी विभाग गाठा. फोनवर विचारायचं असेल तर किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा नंबर मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

आज एवढंच करा: बाबांचा आधारला जोडलेला नंबर चालू आहे का, ते तपासा. पुढचं सगळं त्यावरच अवलंबून आहे.