खेळातून कौलाकडे : भविष्यकथनाच्या पत्त्यांच्या संचांची एक ऐतिहासिक चिकित्सा

विषयप्रवेश

महानगरांतील पुस्तकांच्या दुकानांत ज्योतिषविषयक ग्रंथांच्या शेजारी आता चित्रमय पत्त्यांचे संच मांडलेले दिसतात. त्यांपैकी काहींवर ‘टॅरो’ तर काहींवर ‘ऑरॅकल कार्ड’ असे नाव असते. प्रश्न मनात धरायचा, संच पिसायचा, एक किंवा अधिक पाने उचलायची आणि सोबतच्या पुस्तिकेतून त्यांचा अर्थ लावायचा, अशी ही पद्धती आहे. कोकणात व गोव्यात देवाला कौल लावण्याची जी प्रथा आहे, तिच्याशी या क्रियेचे नाते उघड असल्याने प्रस्तुत निबंधात अशा संचांना ‘कौलपत्ते’ ही संज्ञा योजली आहे. साम्य मात्र मर्यादित आहे. मूर्तीला लावलेली पाकळी उजवीकडून पडली की डावीकडून, एवढ्यावर कौलाचे उत्तर मिळते. पत्त्यावर चित्र असते आणि चित्राला होय-नाही म्हणता येत नाही. त्याचा अर्थ कोणीतरी सांगावाच लागतो. हा अर्थ सांगण्याचा अधिकार कोणाकडे होता आणि तो कोणाकडून कोणाकडे गेला, हाच या संचांच्या इतिहासातील कळीचा प्रश्न होय.

बहुतेक संचांच्या पुस्तिका आपले मूळ प्राचीन असल्याचे सांगतात. कोणी इजिप्तच्या पुरोहितांचा दाखला देतो, कोणी लुप्त झालेल्या गुप्तविद्येचा. अडचणीत सापडलेला मनुष्य जेव्हा असा संच विकत घेतो, तेव्हा तो पत्त्यांबरोबर हे प्राचीनत्वही विकत घेत असतो. म्हणून या दाव्याची ऐतिहासिक तपासणी करणे केवळ पुराणवस्तुप्रेमींच्या हौसेचा विषय राहत नाही.

खेळाचे पत्ते

पत्ते युरोपात चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोहोचले. इ. स. १३७७ मध्ये फ्लॉरेन्स नगराने या नव्या खेळावर निर्बंध घातल्याची नोंद आहे. युरोपीय पत्त्यांचे पूर्वज म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवले जाते, ते इजिप्तच्या मामलुक राजवटीतील पत्ते इस्तंबूलच्या टोपकापी राजवाड्यात जतन केलेले आहेत. पेले, नाणी, तलवारी आणि पोलोच्या काठ्या असे त्यांचे चार रंग असून काही पानांवर सुभाषितवजा वचने लिहिलेली आहेत. त्यांपैकी एका पानावर ‘कंजिफा’ हा शब्द आढळतो. सावंतवाडीच्या कारागिरांनी जिवंत ठेवलेल्या गंजिफ्याचे नाव याच शब्दकुळातले आहे. दहा रंगांच्या, प्रत्येकी बारा पानांच्या, म्हणजे एकूण १२० पानांच्या दशावतारी गंजिफ्यावर विष्णूचे अवतार चितारलेले असतात. तरीही तो प्रामुख्याने खेळण्यासाठीच राहिला. महाराष्ट्रात भविष्य पाहण्यासाठी पंचांग होते, रमलाचे फासे होते, कुडमुडे जोशी होते. पत्त्यांची तेथे गरज भासली नाही. देवादिकांची चित्रे असली म्हणजे पत्ता आपोआप गूढ होत नाही, हे या उदाहरणावरून ध्यानात येते.

टॅरोची कथाही मुळात अशीच आहे. उत्तर इटलीत पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात नेहमीच्या ५६ पानांना २२ चित्रांची जोड देण्यात आली आणि ७८ पानांचा संच तयार झाला. फेरारा येथील दरबाराच्या इ. स. १४४२ च्या हिशेबात अशा पत्त्यांवरील खर्चाची नोंद मिळते. मिलानच्या व्हिस्कोन्ती-स्फोर्झा घराण्यासाठी सोनेरी वर्ख लावून रंगवलेल्या एका संचाची ७४ पाने आज उपलब्ध आहेत. ती न्यूयॉर्कचे मॉर्गन ग्रंथालय, बेर्गामोचे कर्रारा कलासंग्रहालय आणि कोल्लेओनी घराणे यांच्याकडे विभागलेली आहेत. ही २२ चित्रे म्हणजे हुकमाची पाने होती. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ मायकेल डमेट यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या ‘द गेम ऑफ टॅरो’ या ग्रंथात हा खेळ कसा खेळला जाई, हे प्रांताप्रांतातील नियमांसह दाखवून दिले. तर्कशास्त्राच्या या अभ्यासकाने पत्त्यांच्या डावांसाठी इतके परिश्रम घ्यावेत याचे अनेकांना नवल वाटले असेल. परंतु गूढवादी लेखनाचे दीडशे-दोनशे वर्षांचे धुके त्यामुळेच बरेचसे विरले.

पत्त्यांनी दैव पाहण्याचा प्रकार अगदीच नव्हता असे नाही. व्हेनिस येथे इ. स. १५४० मध्ये फ्रान्चेस्को मार्कोलिनी याने छापलेल्या दैवप्रश्नांच्या ग्रंथात पत्ते वापरले जात. तेथे पत्त्याचे काम फक्त ग्रंथातील योग्य जागा दाखवण्याचे होते. उत्तर ग्रंथात होते, पत्त्यात नव्हते. फाशांनी जे झाले असते तेच पत्त्यांनी होई. बोलोन्या येथील अठराव्या शतकाच्या मध्याची एक हस्तलिखित यादी टॅरोच्या पानांना स्वतंत्र अर्थ देते. त्यापूर्वीचा तितका स्पष्ट पुरावा मिळत नाही.

पॅरिसमधील कल्पनेचा जन्म

इजिप्तची कथा कोठे व केव्हा जन्मली, हे मात्र नेमके सांगता येते. आंत्वान कूर द जेबलँ या विद्वानाने आपल्या बहुखंडी ग्रंथाच्या इ. स. १७८१ मधील आठव्या खंडात टॅरो हा प्राचीन इजिप्तच्या ज्ञानाचा अवशेष असल्याचे प्रतिपादन केले. त्या वेळी इजिप्तची चित्रलिपी कोणालाही वाचता येत नव्हती. रोझेटा शिळा १७९९ मध्ये सापडली आणि शाँपोल्यों याने लिपीचा उलगडा १८२२ मध्ये केला. पुढे वाचल्या गेलेल्या लेखांतून टॅरोच्या या कथेला कोणताही आधार मिळाला नाही. पण तोवर ती रुजली होती, आणि रुजलेली कथा पुराव्याअभावी मरत नाही.

तिला बाजारात आणणारा मनुष्य वेगळा होता. झाँ-बाप्तिस्त आलिएत (१७३८–१७९१) याने स्वतःचे आडनाव उलटे करून ‘एत्तेला’ हे नाव घेतले. १७७० मधील त्याचे पहिले पुस्तक साध्या ३२ पत्त्यांवर होते आणि त्याच्या शीर्षकात ‘मनोरंजन’ हाच शब्द होता. जेबलँचा खंड आल्यानंतर एत्तेला टॅरोकडे वळला. १७८९ मध्ये त्याने खास भविष्यकथनासाठी रचलेला संच काढला. त्याच्या पानांवर अर्थसूचक शब्दच छापलेले होते, पान सरळ आले तर एक आणि उलटे आले तर दुसरा. मार्कोलिनीच्या ग्रंथातील मजकूर येथे पत्त्यावर उतरला, असे म्हणता येईल. खेळणारा आता ग्राहक झाला आणि अर्थाचा ठेका प्रकाशकाकडे गेला. आजच्या कौलपत्त्यांचे बीज इजिप्तपेक्षा या छपाईत शोधणे अधिक सयुक्तिक ठरेल.

‘मनोरंजन’ हा शब्द पुढेही उपयोगी पडला. फ्रान्सच्या १८१० च्या दंडसंहितेतील कलम ४७९ अन्वये भविष्य सांगण्याचा व स्वप्नांचा अर्थ लावण्याचा व्यवसाय करणाऱ्यांना दंड होई, तर इंग्लंडमध्ये १८२४ च्या भटक्यांविषयीच्या कायद्याने भविष्य सांगण्याचा बहाणा करणाऱ्यांना शिक्षेची तरतूद केली. छापील संच विकणारा दुकानदार मात्र केवळ एक खेळ विकत असे. कायद्याचा बडगा पथारीवरच्या भविष्यवालीच्या पाठीत बसला, कारखानदाराच्या नाही.

लेनोरमांचे नाव, हेख्टेलचे काम

या संदर्भात सर्वांत बोलके उदाहरण ‘लेनोरमां’ संचाचे आहे. मारी-आन लेनोरमां (१७७२–१८४३) ही पॅरिसमधील विख्यात भविष्यवेत्ती. नेपोलियनची पत्नी जोझेफिन हिच्याशी असलेल्या संबंधांविषयी तिने स्वतःच विपुल लिहिले. त्यातले किती ग्राह्य मानावे हा प्रश्नच आहे. तिला अटकही सोसावी लागली. तिच्या निधनानंतर काही वर्षांतच तिच्या नावाचे संच बाजारात आले. त्यांपैकी ३६ पानांचा लहान संच जर्मनीतून सर्वदूर पसरला. घोडेस्वार, जहाज, घर, झाड, सर्प, शवपेटी, पुरुष, स्त्री, नांगर, क्रूस अशी घरगुती चित्रे त्यात आहेत.

हा संच लेनोरमांचा नव्हताच. न्यूरेंबर्गचा पितळेच्या कारखान्याचा मालक योहान कास्पार हेख्टेल याने तयार केलेला ‘आशेचा खेळ’ इ. स. १७९९ च्या सुमारास प्रसिद्ध झाला होता. ३६ पाने सहा-सहाच्या ओळींत मांडायची, फासे टाकायचे आणि सोंगट्या पुढे न्यायच्या. पस्तिसाव्या घरातील जहाजाच्या नांगरावर जो पोहोचेल तो जिंकला. आपल्याकडील सापशिडीच्या जातीचाच हा प्रकार म्हणावा लागेल. चित्रे आणि त्यांचा अनुक्रम तोच. फक्त नाव बदलले. हा खेळ ब्रिटिश संग्रहालयात आजही पाहता येतो.

तथापि, हेख्टेलच्या नियमपत्रिकेतील एक उपखेळ येथे विशेष महत्त्वाचा आहे. त्यात ३६ पाने पिसून, ज्याच्यासाठी कौल घ्यायचा त्याच्याकडून ती काटून घ्यायची आणि आठ-आठच्या चार ओळी व चार पानांची पाचवी ओळ अशी मांडायची. प्रश्नकर्ती स्त्री असेल तर एकोणतिसाव्या आणि पुरुष असेल तर अठ्ठाविसाव्या पानापासून सुरुवात करून भोवतालच्या चित्रांवरून एक गमतीदार गोष्ट रचायची. म्हणजे कौलाची कल्पना खेळात आरंभापासून होती. तिचे स्वरूप मात्र बैठकीतील विनोदाचे होते. पन्नासएक वर्षांनी याच पानांवर एका प्रसिद्ध स्त्रीचे नाव चढले, आणि जी गोष्ट मंडळींनी हसत रचायची ती ग्राहकाने गंभीरपणे ऐकायची झाली. चित्र बदलले नाही, नियमही फारसे बदलले नाहीत. बदलला तो ऐकणाऱ्याचा भाव.

कर्तृत्व आणि नाममुद्रा यांची अशीच फारकत विसाव्या शतकातील सर्वांत प्रसिद्ध टॅरो संचातही दिसते. डिसेंबर १९०९ मध्ये लंडनच्या विल्यम रायडर अँड सन या प्रकाशनाने काढलेला संच ‘रायडर-वेट’ म्हणून ओळखला गेला. रायडर प्रकाशक, आर्थर एडवर्ड वेट संकल्पक. ज्या पामेला कोलमन स्मिथ हिने काही महिन्यांत सर्व ७८ चित्रे काढली, तिचे नाव शीर्षकात नव्हते. पानांच्या कोपऱ्यात तिची अक्षरमुद्रा तेवढी होती. या संचाचे यश मुख्यतः तिच्याच कामावर उभे आहे, कारण पूर्वी बहुधा नुसती चिन्हे असलेल्या ४० अंकपानांवरही तिने प्रसंगचित्रे रंगवली. त्यामुळे यादी पाठ न केलेल्या माणसालाही चित्र पाहून काहीतरी सुचू लागले. विशेष म्हणजे वेट स्वतः इजिप्तची कथा मानत नव्हता. स्मिथला मोबदला अल्प मिळाला आणि १९५१ मध्ये कॉर्नवॉलमधील ब्यूड येथे तिचे निधन विपन्नावस्थेत झाले. अलीकडे या संचाच्या नावात ‘स्मिथ’ जोडण्याचा प्रघात पडला आहे, तो उचितच होय.

आत्मचिंतनाचे साधन

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कौलपत्त्यांनी टॅरोची चौकट सोडली. पानांची संख्या, रंग, क्रम यांपैकी कशाचेच बंधन राहिले नाही. याबरोबर दाव्याचा सूरही बदलला. उद्या काय घडेल याऐवजी आज मनात काय चालले आहे, याला महत्त्व आले. संगीतकार ब्रायन ईनो आणि चित्रकार पीटर श्मिट यांनी १९७५ मध्ये काढलेला ‘ऑब्लिक स्ट्रॅटेजीज’ हा संच तर भविष्याचे नावही घेत नाही. काम अडले की एक पान उचलायचे आणि त्यावरील तिरकस सूचना प्रामाणिकपणे अमलात आणून पाहायची, एवढेच त्याचे सांगणे. ‘ओएच’ नावाच्या संचात ८८ चित्रे आणि ८८ शब्द असून एका शब्दावर एक चित्र ठेवले जाते. यातून ७,७४४ जोड्या संभवतात आणि त्यांपैकी एकीचाही अर्थ ठरवून दिलेला नसतो. समुपदेशकांनी हा संच उचलला यात आश्चर्य नाही.

याउलट देवदूतांचे संदेश देणारे संच अर्थ पक्का छापून देतात, आणि तो बहुधा गोड असतो. असे संच लोकप्रिय करणाऱ्या अमेरिकन लेखिका डोरीन व्हर्च्यू यांनी २०१७ मध्ये बाप्तिस्मा घेतला व पुढे स्वतःच्याच पत्त्यांचा जाहीर त्याग केला. ज्यांनी त्या पानांवर विसंबून निर्णय घेतले होते, त्यांना या त्यागाचा काय कौल मिळाला असेल, हा प्रश्न पुस्तिकेत सुटणारा नाही.

गोड आणि मोघम मजकूर इतका पटतो कसा, याचे एक उत्तर मानसशास्त्राने दिले आहे. बर्ट्रम फोरर यांनी १९४८ मध्ये ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेऊन प्रत्येकाच्या हाती त्याचे ‘व्यक्तिगत’ वर्णन दिले. वर्णन सर्वांना एकच होते आणि त्यातील बरीच वाक्ये ज्योतिषाच्या एका पुस्तकातली होती. तरी विद्यार्थ्यांनी त्याला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. या प्रयोगाचा आधार घेऊन सर्व कौलपत्ते एकजात निकालात काढण्याचा मोह होतो. पण तो प्रयोग तयार मजकुराविषयी आहे, कोऱ्या चित्राविषयी नाही. फोररच्या विद्यार्थ्यांनी दुसऱ्याचे वाक्य आपले मानले. स्मिथच्या एखाद्या चित्राकडे किंवा ओएचच्या जोडीकडे पाहून मनुष्य जे बोलतो ते वाक्य त्याचे स्वतःचे असते, आणि त्याची जबाबदारीही त्याचीच राहते.

म्हणून एखाद्या संचाचे परीक्षण करताना चित्रांची सफाई किंवा कागदाची जाडी यांपेक्षा सोबतची पुस्तिका आधी उघडावी. संच कोणी, कोठे, केव्हा काढला हे ती सांगते की केवळ ‘प्राचीन’ म्हणून मोकळी होते; चित्रकाराचे नाव देते की नाही; आणि पानाचा अर्थ सांगून थांबते की विचारणाऱ्यालाच बोलते करते. हेख्टेलची नियमपत्रिका या शेवटच्या कसोटीला उतरते. गोष्ट रचण्याचे काम तिने जमलेल्या मंडळींवरच सोपवले होते.