पांढरीची माती

मराठवाड्यात गावाच्या हद्दीचे दोन भाग मानतात, काळी आणि पांढरी. काळी पिकाची, पांढरी वस्तीची. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण आणि पडक्या भिंतींचा चुरा मिसळत गेल्याने वस्तीखालची माती फिकट होते, म्हणून ती पांढरी. घराच्या माळवदावर हीच माती पसरतात, कारण ती पावसाचे पाणी सहसा खाली झिरपू देत नाही. धाराशिव जिल्ह्याने संकटांना तोंड देण्याची तयारी कशी केली, आणि कोणत्या संकटाची केलीच नाही, हे पाहायचे तर जिल्हाधिकारी कचेरीतल्या आराखड्यांपेक्षा या मातीपासून सुरुवात करणे बरे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपाला आपण ‘किल्लारीचा’ किंवा ‘लातूरचा’ भूकंप म्हणतो. किल्लारी हे लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यातले गाव, तेव्हा नाव चुकीचे नाही. पण जी गावे जमीनदोस्त झाली त्यांत सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी, कवठा हीही होती आणि ती उस्मानाबाद जिल्ह्याच्या उमरगा तालुक्यातली होती. (लोहारा तालुका पुढे वेगळा झाला, जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले ते २०२३ साली.) गंमत अशी की ऑगस्ट १९८२ पर्यंत लातूर हाच उस्मानाबाद जिल्ह्याचा भाग होता. हाच भूकंप बारा वर्षे आधी झाला असता तर इतिहासात तो ‘उस्मानाबादचा भूकंप’ म्हणून नोंदला गेला असता. आज बाहेरच्या माणसाला सास्तूर कोठे आहे ते सांगावे लागते, किल्लारी सांगावी लागत नाही.

या जिल्ह्याचे प्रशासन संकटांच्या बाबतीत अननुभवी होते असे मात्र कोणी म्हणू नये. पर्जन्यछायेतला हा मुलूख. येथे दुष्काळ हा पाहुणा नव्हे, घरचाच. त्याची मोजदाद करण्याची रीत पक्की बसलेली होती. पिकाची आणेवारी, पुढे पैसेवारी, ठरवायची. ती पन्नास पैशांच्या खाली गेली की सारावसुली थांबवायची, कामे काढायची, विहिरी अधिग्रहित करायच्या, टँकर लावायचे. ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च आणि एप्रिल ते जून अशा तीन टप्प्यांचा टंचाई आराखडा हा कचेरीतल्या कारकुनालाही तोंडपाठ असे. १९७२ च्या दुष्काळात हीच यंत्रणा पणाला लागली. मे १९७३ मध्ये राज्यभर पन्नास लाखांच्या आसपास माणसे सरकारी कामांवर होती. खडी फोडणे, पाझर तलाव, नालाबांध, आणि खायला सुकडी व परदेशातून आलेली लाल ज्वारी. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळाले त्यामागे हा अनुभव होता. जगात क्वचितच एखाद्या प्रदेशाने आपल्या संकटातून इतका मोलाचा कायदा निर्माण केला असेल.

पण या तयारीच्या पोटात एक गृहीतक दडलेले होते. दुष्काळ चालत येतो. मृग कोरडा गेला की चाहूल लागते, हस्ताने दगा दिला की खात्री होते, आणि प्रत्यक्ष हाल सुरू होईपर्यंत तीन-चार महिने हातात असतात. शिवाय दुष्काळात पीक जाते, गुरे जातात, माणसे गाव सोडून जातात. घर जात नाही. ते दाराला कडी लावून मागे ठेवता येते. म्हणून शंभर वर्षे सरकारची नजर काळीवर होती. एकरी उतारा, पेरणीची टक्केवारी, विहिरीची पातळी हे सारे दरवर्षी कागदावर येई. पांढरीवर काय उभे आहे आणि ते कसे उभे आहे, याची नोंद कर आकारण्यापलीकडे कोणी ठेवली नाही.

काय उभे होते? दोन ते चार फूट रुंदीच्या दगडी भिंती. बाहेरच्या अंगाला घडीव किंवा निवडक दगड, आतल्या अंगाला दगड, मध्ये गोटे आणि चिखलाची भर. ही दोन अंगे एकमेकांना सांधणारा लांब, आरपार दगड बहुधा नसायचा. म्हणजे दिसायला एक असलेली भिंत खरे तर शेजारी-शेजारी उभ्या केलेल्या दोन भिंती होत्या. सांध्याला चुना किंवा सिमेंट नाही, माती. त्यावर लाकडी तुळया, फळ्या, आणि वर पांढरीचा थर. हा थर फूट-दीड फूट, कोठे त्याहूनही जाड. पावसाळ्यापूर्वी माळवद गळू नये म्हणून आणखी माती टाकायची, दाबून चोपायची; जुनी माती काढायची पद्धत नव्हती. आजोबाने बांधलेल्या घराचे छप्पर नातवाच्या काळापर्यंत कित्येक पटींनी जड झालेले असे, आणि ते जड करण्याचे काम घर जपणारी माणसेच निष्ठेने करत असत.

या बांधणीला अडाणीपणा म्हणणे मला पटत नाही. दगड शेतातच मिळे, माती गावातच. जाड भिंत उन्हाळ्यात गारवा देई. रझाकारांचा काळ पाहिलेल्या या भागात गढीसारखे घर हे सुरक्षिततेचे आणि प्रतिष्ठेचेही लक्षण होते. प्रत्येक ज्ञात संकटाला, म्हणजे उन्हाला, चोराला, पावसाला, ते घर उत्तर देत होते. पुष्कळ घरांत छपराचा भार लाकडी खांबांवर असे, आणि भूकंपानंतर काही ठिकाणी हे खण तसेच उभे राहिलेले व भिंती तेवढ्या कोसळलेल्या दिसल्या. पालापाचोळ्याच्या छपराच्या हलक्या झोपड्या तर बऱ्याच तगल्या. गावकुसाबाहेरची, ज्यांना दगडी वाडा कधी परवडला नाही अशी काही माणसे त्यामुळेच वाचली.

अज्ञात संकटाबद्दल शास्त्राचेही मत वेगळे नव्हते. दख्खनचे पठार म्हणजे जुना, स्थिर खडक, असे मानले जाई. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेचा भूकंप झाला, सुमारे १८० माणसे गेली, आणि मग देशाच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात बदल झाला. कोयनेचा परिसर धोक्याच्या वरच्या पट्ट्यात गेला. पण ते कोयनेपुरते. तेरणेचे खोरे १९८४ च्या नकाशातही पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यातच होते. १९९३ नंतर नकाशा पुन्हा बदलला, २००२ साली; पहिला पट्टाच रद्द झाला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या पट्ट्यात गेला. दोन्ही वेळा आधी माणसे मेली, मग रंग बदलला.

आणि तरीही सूचना मिळाली नव्हती असे नाही. १९९२ च्या पावसाळ्यापासून किल्लारीच्या परिसरात जमिनीतून गडगडाट ऐकू येऊ लागला होता. शंभरहून अधिक लहान धक्के जाणवले; त्या वर्षीच्या १८ ऑक्टोबरच्या धक्क्याने भिंतींना तडे गेले. लोक भ्याले, बाहेर झोपू लागले, गाव हलवण्याची मागणी झाली. मग धक्के कमी झाले, थंडी आली, आणि लोक पुन्हा भिंतींच्या आत गेले. येथे प्रशासनाला दोष देणे सोपे आहे, पण जरा विचार करावा : पैसेवारी काढायची रीत होती तशी या गडगडाटाची ‘वारी’ कोणत्या तक्त्यात मांडणार होते? कोणता आकडा ओलांडला म्हणजे गाव रिकामे करायचे, हे आजही कोणी सांगू शकत नाही. घरांचे मात्र सांगता आले असते. माळवदावरची निम्मी माती उतरवा, एवढे सांगायला भूकंपाचे भाकीत करावे लागत नाही. तो वर्षभराचा अवधी गेला, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातली खरी चुटपुट लावणारी गोष्ट तीच आहे.

आदल्या दिवशी गणेशविसर्जन झाले होते. भूकंप ६.२ तीव्रतेचा, जगाच्या मानाने मध्यम; पण उथळ, आणि सारे गाव झोपेत. मृतांचा आकडा काही कागदांत ७,९२८ आहे, काहींत ९,७४८. त्यातील बहुतेक माणसे दगडांच्या ढिगाखाली आणि मातीखाली गुदमरून गेली. नंतर पाऊस लागला, चिखल झाला, जवानांनी आणि स्वयंसेवकांनी सामुदायिक दहने केली. मदतीचा आणि बघ्यांचा इतका लोंढा आला की रस्ते अडले.

पुनर्वसनाचा निर्णय मोठा होता. शरद पवार तेव्हा मुख्यमंत्री होते. जागतिक बँकेने १९९४ मध्ये २४ कोटी ६० लाख डॉलरचे कर्ज दिले. बावन्न गावे जुन्या जागेवरून उठवून नव्या जागी वसवली गेली. नवी जागा अर्थातच शेतजमिनीतली. पांढरी काळीत गेली. घरांचे आकार जमिनीच्या मालकीवरून ठरले : भूमिहीन आणि अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मधल्याला ४००, सात हेक्टरांहून अधिक जमीन असलेल्याला ७५०. घरात माणसे किती यापेक्षा सातबारा किती, हा हिशेब वरचढ ठरला. काळीच्या मापाने पांढरी मोजण्याची सवय एका भूकंपाने जाण्यासारखी नव्हती. रुंद रस्ते, सरळ ओळी, शहरी वसाहतीसारखी आखणी. गुरांना, कडब्याला, शेजाराला जागा कमी. लोकांनी यथावकाश पत्र्याची शेड काढून ती करून घेतली.

या बावन्न गावांबद्दल पुष्कळ लिहिले गेले. मला अधिक महत्त्वाचे वाटते ते दुसरे, कमी गाजलेले काम. तेरा जिल्ह्यांतल्या, जी गावे पडली नव्हती पण हादरली होती, अशा सुमारे दोन लाख घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण. पैसे हप्त्याहप्त्याने घरमालकाच्या बँक खात्यात, काम त्याने स्वतः करून घ्यायचे. सुरुवातीला ते रखडले. शेजारच्या गावाला नवे घर मिळते आणि आम्हाला डागडुजी, हा राग खरा होता. आणि भिंतीत आरपार दगड कशाला, कोपऱ्याला पट्टी कशाला, हे गवंड्यालाच ठाऊक नव्हते. तेव्हा प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने लातूर-उस्मानाबादच्या हजाराहून अधिक गावांत महिला मंडळांतून ‘संवाद सहायक’ नेमण्याचे काम हाती घेतले. या बाया अभियंत्याकडून शिकल्या, घरोघर जाऊन सांगू लागल्या, पैसा कोठे अडला ते विचारू लागल्या. ज्या बाईने दर पावसाळ्यापूर्वी माळवद सारवले होते, तिनेच आता माळवदाचे वजन कमी करायला सांगायचे होते. आणि तिचे ऐकले गेले, बाहेरच्या साहेबाचे ऐकले गेले नसते. २६ जानेवारी २००१ ला कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा या दोन जिल्ह्यांतल्या बायका तेथे गेल्या, आणि त्सुनामीनंतर तमिळनाडूतही. भाषा येत नव्हती. भिंतीचा कोपरा बोटाने दाखवता येत होता.

सरकारी बाजूनेही शिकणे झाले. या प्रकल्पाचा भाग म्हणून महाराष्ट्राने मंत्रालयात नियंत्रण कक्ष उभा केला आणि जिल्ह्यांचे आपत्ती आराखडे केले; देशाचा आपत्ती व्यवस्थापन कायदा त्यानंतर, २००५ मध्ये आला. सास्तूरला ‘स्पर्श’ ग्रामीण रुग्णालय उभे राहिले, जेथे भूकंपाच्या सकाळी जवळपास तसे काहीही नव्हते.

सप्टेंबर २०२५ मध्ये याच दुष्काळी जिल्ह्यात परंडा, भूम भागात असा पाऊस झाला की लष्कराच्या हेलिकॉप्टरने माणसे उचलावी लागली. नद्यांनी शेतातली माती खरवडून नेली, खाली मुरूम उघडा पडला. पाणी ओसरल्यावर तलाठी पंचनाम्याला गेले. पिकाचे क्षेत्र, खरवडलेल्या जमिनीचे क्षेत्र, मेलेली जनावरे, पडलेली घरे अशी नोंद झाली. पडलेल्या घराच्या पुढे भिंत कशाची होती, दगड-मातीची की विटांची, कोपरे बांधलेले होते की नाही, हे कोणी लिहून घेतले असेल तर ती नोंद सास्तूरच्या म्हाताऱ्या संवाद सहायकांनाही एकदा दाखवावी.