'मिस्सा' : निरोपाचा शब्द

वसईकडचे कॅथलिक लोक रविवारी 'मिस्सा'ला जातात. गोव्यात कोंकणीत त्याचंच 'मीस' होतं. शब्द पोर्तुगीजांबरोबर इकडे आला, पण मुळात तो लॅटिन आहे. त्याचा अर्थ प्रार्थना नाही, पूजा नाही, बलिदानही नाही. अर्थ आहे 'पाठवणी'. जमलेल्यांना 'आता निघा' असं सांगणं! आपल्याकडे कीर्तन आरतीने संपतं, म्हणून कीर्तनालाच कुणी आरती म्हणत नाही. इथे मात्र नेमकं तसंच झालं आहे.

'मित्तेरे' म्हणजे पाठवणे. त्यावरून उत्तरकालीन लॅटिनमध्ये 'मिस्सा' हे नाम आलं. विधी संपताना डीकन, म्हणजे धर्मगुरूंचा साहाय्यक, म्हणतो, 'इते, मिस्सा एस्त.' जा, निरोप झाला. ह्यात खास धार्मिक असं काही नव्हतं. इ.स. ५०० च्या सुमारास गॉलमधल्या व्हिएन गावचे बिशप आविटुस लिहितात, की चर्चमध्ये काय किंवा राजवाड्यात आणि न्यायसभेत काय, लोकांना मोकळं करताना 'मिस्सा एस्त' असंच पुकारतात. म्हणजे आपलं 'दरबार बरखास्त' म्हणा ना!

मग विधीला हे नाव का चिकटलं? त्या काळी बाप्तिस्मा न झालेल्या शिकाऊ लोकांना वाचन आणि प्रवचन झालं की बाहेर पाठवत; पुढचा गाभ्याचा भाग फक्त दीक्षितांसाठी असे. सातव्या शतकात सेव्हिलचे इसिडोर ह्या बाहेर पाठवण्यावरूनच शब्दाची उपपत्ती सांगतात. संक्रमण मात्र हळूहळू झालेलं दिसतं. चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरुसलेमला गेलेल्या एगेरिया नावाच्या यात्रेकरू बाईंच्या लेखनात 'मिस्सा' कधी निरोप असतो, तर कधी आख्खी उपासना. त्याच सुमारास मिलानचे बिशप आंब्रोस बहिणीला पत्रात कळवतात, की चर्चच्या ताब्यावरून गोंधळ चालला असताना 'मी मिस्सा करू लागलो'. ह्या तीन शब्दांवर विद्वान अजून भांडतात, की त्यांनी विधी आरंभला की लोकांना निरोप दिला? सहाव्या शतकात बेनेडिक्टच्या मठनियमांतही दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदतात.

२००७ मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे ह्यांनी ह्या निरोपात 'मिशन', म्हणजे जगाकडे धाडणं, हा अर्थ दाखवला. धातू एकच, तेव्हा विचार सुंदर आहे. मूळ अर्थ साधा निरोपाचाच होता, हे त्यांनीही मान्य केलं होतं. प्रवचनांत तेवढंच गळून जातं. आम्हाला हे खटकतं. कारण ह्या शब्दात कुणाला तरी दाराबाहेर काढल्याची आठवण आहे, आणि ती पुसू नये असं आम्हाला वाटतं.

पुढे शब्द फार फिरला. जहाजावर द्राक्षारस सांडण्याची भीती, म्हणून अर्पण आणि कम्युनियन वगळून 'मिस्सा सिक्का', कोरडी मिस्सा, निघाली. सणाला चर्चपाशी बाजार भरे, म्हणून जर्मनमध्ये 'मेसे' म्हणजे व्यापारी जत्राही झाली. फ्रँकफुर्टचं पुस्तकप्रदर्शन त्याच शब्दाने ओळखलं जातं. बाखने १७३३ मध्ये सॅक्सनीच्या इलेक्टरला जी 'मिस्सा' अर्पण केली ती तर संगीतरचना, आणि बाख स्वतः लुथरपंथी!

एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. जुन्या लॅटिन विधीत मृतांसाठीच्या मिस्सामध्ये शेवटी 'इते' म्हणत नसत. त्या जागी असे, 'रेक्विएस्कांत इन पाचे', त्यांना शांती लाभो.