बीथोव्हनची दोन घरे

१/ इ. स. १८८९. जर्मनीतील बॉन शहरात बॉनगासे या रस्त्यावरचे एक जुने घर पाडले जाण्याच्या बेतात होते. तळमजल्यावर काही वर्षे मद्यालय चालले होते. लुडविग व्हान बीथोव्हन याच घरात जन्मला होता. ते वाचले, त्याचे बालपण जेथे गेले ते दुसरे घर मात्र वाचले नाही. त्याची ही हकीकत.

२/ बॉन ही कोलोनच्या धर्मगुरू-राजाची राजधानी. बीथोव्हनचे आजोबा तेथे दरबारी संगीतप्रमुख, तर वडील योहान गायक. बॉनगासेतील मागील बाजूच्या भाड्याच्या घरात लुडविग जन्मला. बाप्तिस्म्याची नोंद १७ डिसेंबर १७७० ची आहे. जन्मतारखेची नोंदच नाही.

३/ काही वर्षांतच बिऱ्हाड हलले. लुडविगच्या बालपणाची बरीच वर्षे ऱ्हाइनगासेत, फिशर नावाच्या पाववाल्याच्या घरात गेली. वाद्यापर्यंत हात पोहोचावा म्हणून बाकावर उभा राहून वाजवणारा चिमुकला मुलगा फिशर भावंडांच्या स्मरणात राहिला. त्या आठवणी त्यांनी पुढे उतारवयात लिहून ठेवल्या.

४/ वडिलांची शिस्त कठोर होती. २६ मार्च १७७८ रोजी त्यांनी सात वर्षांच्या मुलाला कोलोनमध्ये श्रोत्यांपुढे बसवले. जाहिरातीत वय सहाच सांगितले. १७८४ मध्ये तो दरबारात पगारी ऑर्गनवादक झाला. १७८७ मध्ये आई गेली, वडील मद्याच्या आहारी गेले आणि धाकट्या भावांचा भार त्याच्यावर पडला. १७९२ मध्ये त्याने व्हिएन्ना गाठले. बॉनला तो पुन्हा कधीच परतला नाही.

५/ १८२७ मध्ये त्याचे निधन झाले आणि जन्मस्थानाचा वाद उभा राहिला. फिशर कुटुंब आपल्या घराचा दावा सांगे. बालमित्र फ्रान्झ वेगेलरने १८३८ च्या आठवणींत बॉनगासेचे नाव घेतले. तरीही ऱ्हाइनगासेतील घरावर जन्मस्थानाची पाटी दीर्घकाळ झळकत राहिली.

६/ अखेर बॉनगासेतील घर मोडकळीच्या वाटेला लागले, तेव्हा १८८९ मध्ये बॉनच्या बारा नागरिकांनी संस्था स्थापून ते विकत घेतले. ख्यातनाम व्हायोलिनवादक योझेफ योआखिम संस्थेचे सन्माननीय अध्यक्ष झाले. निधीसाठी १८९० मध्ये संगीत महोत्सव भरवला गेला आणि १८९३ मध्ये वस्तुसंग्रहालय उघडले.

७/ दुसऱ्या महायुद्धात संग्रह आधीच सुरक्षित स्थळी हलवला होता. ऑक्टोबर १९४४ च्या हवाई हल्ल्यात जुन्या बॉनचा मोठा भाग जळाला. जन्मघरावरही आगीचे संकट आले. रखवालदाराच्या प्रसंगावधानाने ते टळले. ऱ्हाइनगासेतील घर मात्र युद्धात नष्ट झाले.

८/ म्हणजे जे घर त्याला आठवतही नसावे ते उभे आहे, आणि जेथे तो वाढला ते उरले आहे केवळ फिशर भावंडांच्या आठवणींत. वाचलेल्या घरात आज त्याची कर्णयंत्रे आहेत, अखेरचा पियानो आहे. आणि चर्चमधील ज्या ऑर्गनवर तो लहानपणी वाजवीत असे, त्याची कळपट्टीही तेथेच जपून ठेवली आहे.