प्रकाशाची करवत

१९६० सालच्या मे महिन्याच्या १६ तारखेस कॅलिफोर्नियातील मालिबू येथे थिओडोर मेमन याने माणकाच्या कांडीभोवती मळसूत्री दिवा लावून जगातला पहिला लेसर पेटविला. त्या प्रकाशाची ताकद मोजायची कशी, हा प्रश्न पुढे आलाच. आणि त्यावर त्या काळच्या संशोधकांनी काढलेली तोड मला फार आवडते. दाढीची जिलेट पाती एकावर एक रचायची आणि एका झोतात किती पात्यांना भोक पडते ते मोजायचे! पोरखेळच म्हणा ना. पण प्रकाशाने प्रत्यक्ष काय केले, तेवढेच हे माप सांगे. पुढे मोजणी वॉटवर गेली, मिलिअँपियरवर गेली, आणि आज गल्लोगल्लीच्या यंत्रांवर ती टक्क्यांवर येऊन ठेपली आहे. या टक्क्यांविषयीच मला चार शब्द सांगावयाचे आहेत.

माणकाचा लेसर क्षणभर चमके आणि विझे. अखंड चालणारा दांडगा झोत ज्याच्यामुळे लाभला, तो संशोधक जन्माने आपल्या बारामतीचा! चंद्रकुमार नारणभाई पटेल यांचा जन्म तेथे १९३८ साली झाला. १९५८ मध्ये पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून ते पदवीधर झाले, स्टॅनफर्डला जाऊन डॉक्टर झाले आणि न्यू जर्सीतील बेल प्रयोगशाळेत रुजू झाले. १९६४ साली त्यांनी कार्बन डाय-ऑक्साइड वायूतून लेसर काढला. होय, सोडावॉटरच्या बाटलीत फसफसतो तोच वायू. प्रथम हाती आली ती वॉटच्या हजाराव्या हिश्श्याएवढी शक्ती. मग त्यांनी नायट्रोजनची जोड दिली, पुढे हेलियमची; आणि १९६५ मध्ये तोच आकडा शंभर वॉटांच्या पलीकडे गेला.

ही किमया समजून घेण्याजोगी आहे. नळीतून वीज वाहू लागली की नायट्रोजनचे कण थरथरू लागतात आणि आपली थरथर ते शेजारच्या कार्बन डाय-ऑक्साइडला देतात. तो ती प्रकाशरूपाने सोडून देतो. मात्र हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. हेलियम वायूतील उष्णता बाहेर वाहून नेतो आणि प्रकाश देऊन रिकामे झालेले कण पुन्हा कामाला लावतो. वायू फार तापला की हे रहाटगाडगे अडखळते. म्हणजे वीज वाढवीत गेले की प्रकाश वाढतो खरा, पण एका हद्दीपर्यंतच. त्यापुढे वाढते ती नुसती उष्णता, आणि नळीचे आयुष्य घटते.

१९६७ साली इंग्लंडात केंब्रिजजवळच्या वेल्डिंग संशोधन संस्थेतील पीटर हूल्डक्रॉफ्ट यांनी ३०० वॉटच्या अशा झोताबरोबर ऑक्सिजन सोडला आणि एक मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा कापला. प्रकाशाची करवत झाली ती त्या दिवशी.

तिचे धाकटे भावंड आता आमच्या पेठेतल्या एका दुकानात लग्नपत्रिका आणि आकाशकंदील कापते. गेल्या वर्षी ऐन दिवाळीच्या तोंडावर तिची नळी निकामी झाली. दुकानदार कपाळाला हात लावून म्हणाला, "काका, मी तर कधी ऐंशी टक्क्यांच्या वर गेलो नाही हो!"

बिचाऱ्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते. पण ऐंशी टक्के कशाचे? टक्का हा वीजपुरवठ्याच्या पेटीला दिलेला हुकूम आहे. नळीतून किती प्रवाह गेला, याचा तो हिशेब नव्हे. पेटी २८ मिलिअँपियरची असेल, तर ७० टक्क्यांच्या सुमारासच प्रवाह २० वर जातो. आणि चाळीस वॉटच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या काचेच्या नळ्यांना साधारणतः १८ ते २० ही शेवटची मर्यादा. नळीसोबत आलेल्या कागदावर हा आकडा छापलेला असतो, पण तो कागद वाचतो कोण? उलट बाजूला, फार खालच्या टक्क्यांवर नळी पेटतच नाही. म्हणून एका यंत्रावरचे पन्नास टक्के दुसऱ्यावरच्या पन्नासांना जुळतील, अशी आशा धरू नये.

जुन्या साध्या यंत्रांवर काट्याचे मीटर असे. नव्या झुळझुळीत पाट्यांवरून ते गेले, याला मी प्रगती म्हणायला तयार नाही. दुकानदाराने नवी नळी बसविताना जाणत्या माणसाकडून परतीच्या तारेवर मीटर बसवून घेतले. (हे काम घरी कोणी करू नये. त्या पेटीत पंधरा-वीस हजार व्होल्ट खेळत असतात, आणि ते माणसाला दुसरी संधी देत नाहीत.) मग एकेक टक्का चढवीत त्याने समोर मिलिअँपियर लिहिले आणि तो कागद यंत्राच्या झाकणावर चिकटविला.

जाड पुठ्ठा आला की आता तो शक्ती वाढवीत नाही, वेग उतरवितो. झोत एकाच जागी जास्त वेळ रेंगाळला की तेवढ्याच प्रवाहात पुठ्ठा तुटतो. तरी कापले गेले नाही, तर आधी भिंगावरची काजळी पुसतो. काटा पंधरावर ठेवून कंदिलाच्या पाकळ्या दोन फेऱ्यांत निघतात. वेळ जास्त लागतो, गिऱ्हाईक कुरकुरते. पण हे लिहीत असताना वर्षापूर्वीची ती नळी अजून चालते आहे.