लोवेलचें मृत्युपत्र व बोस्टनचें सार्वजनिक दूरचित्रवाणी केंद्र

अमेरिकेंतील बोस्टन शहरीं डब्ल्यूजीबीएच या नांवाचें एक दूरचित्रवाणी केंद्र आहे. त्याची भाषा इंग्रजी, व्याप्ति मुख्यतः त्या शहराची व भोंवतालच्या प्रांताची, आणि मालकी लोकोपयोगी विश्वस्त संस्थेची असून जाहिराती विकून नफा मिळविणें हा त्याचा हेतु नाहीं. अशा केंद्रांचा उगम सामान्यतः इ. स. १९६७ च्या नोव्हेंबरांत झालेल्या सार्वजनिक प्रक्षेपणाच्या कायद्यांत दाखविण्याची वहिवाट आहे. परंतु प्रस्तुत केंद्राची नभोवाणी १९५१ सालीं व दूरचित्रवाणी १९५५ सालीं सुरू झालेली असल्यामुळें हें मत कालक्रमाच्या कसोटीस उतरत नाहीं. आमच्या मतें त्याचें बीज एका मृत्युपत्रांत आहे. आणि तें मृत्युपत्र करणारा गृहस्थ ता. ४ मार्च १८३६ रोजीं मुंबईंत मरण पावला. विषय परदेशचा असतांही या त्रैमासिकाच्या वाचकांपुढें मांडण्याचें कारण हेंच होय.

या गृहस्थाचें नांव जॉन लोवेल, धाकटा. जन्म ता. ११ मे १७९९, बोस्टन. याचा बाप फ्रान्सिस कॅबट लोवेल यानें अमेरिकेंत यंत्रमागाच्या कापडाचा धंदा स्थिरावला; लोवेल हें गिरण्यांचें गांव त्याच्याच नांवानें वसलें आहे. जॉन यास बायको व दोन मुली होत्या. १८३०–३१ च्या सुमारास थोडक्या अवधींत तिघीही वारल्या. त्यानंतर त्याचें मन घरीं रमेना. आपल्या संपत्तीची व्यवस्था लावून तो प्रवासास निघाला. युरोप पाहून तो मिसर देशांत उतरला. चार्लस ग्लेर नांवाचा स्विस चित्रकार त्यानें बरोबर घेतला होता व वाटेवरील देवळें, माणसें व अवशेष यांचीं चित्रें तो त्याजकडून काढवून घेत असे. मिसरांत त्यानें जमविलेल्या प्राचीन वस्तु पुढें बोस्टनच्या कलासंग्रहालयांत गेल्या. म्हणजे हा पुरुष आपल्या वाचकांच्याच जातीचा, संग्राहक होता. १८३५ सालीं लक्सर येथें, थीब्सच्या भग्नावशेषांत मुक्काम असतां, त्यानें मृत्युपत्रास पुरवणी लिहून दानाच्या अटी निश्चित केल्या. पुढें खार्टूम येथें चित्रकाराशीं फारकत होऊन तो तांबड्या समुद्राच्या वाटेनें मुंबईस आला. येथें पोहोंचल्यावर महिन्याच्या आंतच त्याचा अंत झाला. वय अवघें ३६ वर्षांचें होतें.

दानाची रक्कम त्याच्या मिळकतीचा अर्धा हिस्सा, म्हणजे सुमारें अडीच लक्ष डॉलर. हेतु असा कीं, बोस्टनच्या रहिवाशांस धर्म, पदार्थविज्ञान, रसायन, वनस्पति, भूगर्भ इत्यादि विषयांवर विद्वानांकडून विनामूल्य व्याख्यानें ऐकवावीं. यापेक्षां गहन अशा पाठांस फी घेण्याची मुभा होती; पण ती सहा महिन्यांच्या पाठास दोन बुशेल गव्हांच्या किंमतीहून अधिक असूं नये असें बंधन होतें. नाण्याची किंमत चढते-उतरते, धान्याचें माप मात्र पिढ्यान्‌पिढ्या समजतें, हें ज्यांनीं जुन्या वतनाच्या कागदांत खंडी-मणांचे आंकडे वाचले आहेत त्यांस सांगावयास नको.

उरलेल्या अटी याहून महत्त्वाच्या आहेत. (१) दानाचा पैसा इमारतींवर खर्च करूं नये. (२) दर सालच्या उत्पन्नाचा दशांश मुद्दलांत मिळवीत जावा. (३) कारभार एकाच विश्वस्तानें पाहावा, त्यानें आपला उत्तराधिकारी स्वतः नेमावा, व योग्य पुरुष मिळेल तर तो लोवेल घराण्यांतील असावा. आपल्याकडील ताम्रपटांच्या अखेरीस दान हरण करणारास नरकवासाचें भय घातलेलें असतें. येथें तशीं शापवचनें नाहींत. त्यांचें काम या तीन कलमांकडे दिलेलें दिसतें. पहिल्या कलमानें पैसा दगडविटांत गुंतून पडला नाहीं, दुसऱ्यानें मुद्दल आपोआप वाढत राहिलें, व तिसऱ्यानें कारभाराची जबाबदारी निश्चित एका माणसावर राहिली.

त्याप्रमाणें लोवेल इन्स्टिट्यूट स्थापन झाली. ता. ३१ डिसेंबर १८३९ रोजीं एडवर्ड एव्हरेट यानें दात्याच्या चरित्रावर भाषण करून आरंभ केला; लागलीच सिलिमन याचीं भूगर्भशास्त्रावरील व्याख्यानें झालीं. १८४१ सालीं इंग्लंडांतून लायेल व १८४६ सालीं स्वित्झर्लंडांतून अगासी यांस बोलाविण्यांत आलें. विश्वस्तपद जॉन अमरी लोवेल, ऑगस्टस लोवेल, अॅबट लॉरेन्स लोवेल या क्रमानें चालून १९४३ सालीं राल्फ लोवेल याजकडे आलें. येथपर्यंत व्याख्यानाचें साधन म्हणजे वक्त्याचा कंठ व श्रोत्यांनीं भरलेली सभा.

दुसरें महायुद्ध संपल्यावर, १९४६ सालीं, हार्वर्ड विद्यापीठाचा अध्यक्ष कोनंट याच्या सूचनेस अनुसरून राल्फ लोवेल यानें लोवेल इन्स्टिट्यूट सहकारी प्रक्षेपण मंडळ उभारलें. शहरांतील विद्यापीठांनीं आपले अध्यापक द्यावे व त्यांचीं व्याख्यानें नभोवाणीवरून ऐकवावीं, अशी योजना होती. प्रथम खासगी केंद्रांवर वेळ मागून काम चालविलें. १९५१ सालीं स्वतंत्र विश्वस्त संस्था नोंदवून ता. ६ ऑक्टोबर रोजीं स्वतःच्या केंद्रावरून बोस्टन सिंफनी या वाद्यवृंदाचें वादन प्रक्षेपित केलें. पुढील वर्षीं अमेरिकन सरकारच्या दळणवळण आयोगानें दूरचित्रवाणीच्या २४२ वाहिन्या शिक्षणाकरितां राखून ठेवल्या. त्यांतील दुसऱ्या क्रमांकाची वाहिनी बोस्टनास मिळून ता. २ मे १९५५ रोजीं चित्रप्रक्षेपण सुरू झालें.

नांवाच्या व्युत्पत्तीविषयीं थोडें. मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडील केंद्रांच्या संकेतनामाचें आद्याक्षर बहुधा डब्ल्यू असतें. पुढील तीन अक्षरें ‘ग्रेट ब्लू हिल’, म्हणजे थोरली निळी टेंकडी, यांचीं आहेत. नभोवाणीचा प्रक्षेपक त्या टेंकडीवर उभारलेला आहे. ‘गॉड ब्लेस हार्वर्ड’ असा जो अर्थ लोक सांगतात ती केवळ विनोदी लोकव्युत्पत्ति होय. मॅसॅच्युसेट्स या प्रांतनामाचा मूळ रहिवाशांच्या भाषेंतील अर्थही ‘थोरल्या टेंकडीपाशीं’ असा करतात, व ती टेंकडी हीच. अर्वाचीन यंत्रास प्रांतांतील प्राचीन स्थलनामाचा आधार मिळाला, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. २०२० सालापासून केंद्र व्यवहारांत आद्याक्षर गाळून जीबीएच एवढेंच नांव लावतें.

आतां कारभाराकडे वळूं. पहिली जागा केंब्रिज येथील मॅसॅच्युसेट्स अॅव्हेन्यूवर, पूर्वीं चाकांच्या बुटांनीं घसरण्याचा खेळ चाले अशा एका इमारतींत होती. ता. १४ ऑक्टोबर १९६१ रोजीं पहांटे तिला आग लागून चित्रगृहें भस्म झालीं. तरी संस्था बुडाली नाहीं. शहरांतील इतर केंद्रांनीं व संस्थांनीं जागा दिली, आणि निरनिराळ्या ठिकाणीं काम वांटून प्रक्षेपण चालू ठेवण्यांत आलें. ता. ११ फेब्रुवारी १९६३ पासून सुरू झालेली ज्यूलिया चाइल्ड हिची प्रख्यात पाककृतींची मालिकाही या बेघर काळांतलीच. इमारतींवर पैसा घालूं नये हें कलम केंद्रास कायद्यानें लागू नव्हतें. पण संस्था म्हणजे वास्तु नव्हे, हा त्यांतील अर्थ आगीनें सिद्ध केला.

खर्चाची तोंडमिळवणी धर्मादाय निधि, प्रेक्षकांच्या वर्गण्या, देणगीदाखल आलेल्या वस्तूंचे लिलाव व इतर केंद्रांस कार्यक्रम पुरविणें यांवर होत आली. एका गांवाचा कार्यक्रम दुसऱ्यानें दाखवावा म्हणून प्रथम चित्रफिती टपालानें फिरवीत. पुढें केंद्रें तारांनीं व तरंगांनीं जोडलीं गेलीं. १९७२ सालीं बहिऱ्या प्रेक्षकांकरितां पडद्यावर संभाषण लिहून दाखविण्याचा उपक्रम याच केंद्रानें देशभर प्रथम केला. स्थानिक केंद्राचें खरें महत्त्व मात्र ता. ५ एप्रिल १९६८ च्या रात्रीं दिसलें. आदल्या दिवशीं मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला होता व शहरोशहरीं दंगे पेटले होते. बोस्टनांत गायक जेम्स ब्राऊन याचा जलसा ठरलेला होता. नगराध्यक्षाच्या विनंतीवरून केंद्रानें तो घरोघर दाखविला, आणि संपतांच पुन्हां दाखविला. लोक घरींच बसले व ती रात्र बव्हंशीं शांततेनें गेली.

येथें पूर्वपक्ष असा होईल कीं, केंद्राच्या एकंदर खर्चांत लोवेलच्या निधीचा वांटा अल्प आहे, फोर्ड प्रभृति निधींचा व प्रेक्षकांचा मोठा. मग मृत्युपत्रास बीज कां म्हणावें? उत्तर असें कीं, बीजाचें प्रमाण वजनावरून ठरत नाहीं. विद्वानांस एकत्र करून नगरवासीयांस फुकट ऐकवावें, ही रचना १८३९ पासून अखंड होती. १९४६ चें मंडळ तिच्याच विश्वस्तानें तिच्याच नांवानें काढलें, आणि त्याच मंडळांतून केंद्र निघालें. उलट १९६७ च्या कायद्यानें निर्माण झालेल्या महामंडळाची गति पाहावी. जुलै १९२५ नव्हे, तर त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनीं, जुलै २०२५ मध्यें, अमेरिकन काँग्रेसनें त्याचें दोन वर्षांचें ११० कोटि डॉलरांचें अनुदान काढून घेतलें व त्यास आपला कारभार आटोपावा लागला. राजाश्रय मोठा असतो, पण तो ज्या हातानें येतो त्याच हातानें जातो. अठ्ठावन्न वर्षांची ही सनद मोडली, तेव्हां लक्सरचा कागद एकशें नव्वद वर्षांचा झाला होता व चालू होता.

शेवटीं साधनांविषयीं एक गोष्ट. आरंभीच्या काळांत चित्रफीत फार महाग असल्यानें पहिलें पुसून तिजवरच दुसरें मुद्रित करीत. जुन्या बखरींचे कागद वाण्याच्या पुड्यांस जात, तसाच हा प्रकार. म्हणून या केंद्रानें काँग्रेसच्या ग्रंथालयाच्या सहकार्यानें सार्वजनिक प्रक्षेपणाचें दप्तर जतन करण्याचें काम हातीं घेतलें आहे. पहिल्या टप्प्यांतच सुमारें ४०,००० तासांचें साहित्य सुरक्षित करण्यांत आलें. आपल्याकडे दप्तरें सांभाळणारांनीं कागदाबरोबर फितींचीही गणना साधनांत करावी. आणि ज्यांच्या संग्रहीं फेब्रुवारी व मार्च १८३६ मधील मुंबईच्या पेढ्यांचे, आडतीचे अथवा बंदरावरील आवक-जावकीचे कागद असतील, त्यांनीं ते लोवेल या नांवाकरितां एकवार नजरेखालून घालावे, एवढी विनंति करून हा लेख पुरा करतों.